प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर : निवृत्तीनंतरचे कार्य व आपली औषधिद्रव्ये

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की, वनौषधींची नावे व रूपे गुराखी, मेंढपाळही जाणतात. मात्र तेवढ्याने कोणी द्रव्यज्ञ होत नाही. आज शहरी वैद्याची स्थिती नेमकी उलट झाली आहे. रस, गुण, वीर्य, विपाक मुखोद्गत असतात. रूपाची ओळख मात्र नसते. ही उणीव भरून काढणारी संस्था महाराष्ट्राला ज्यांनी दिली, त्या प्रा. आघारकरांचे स्मरण म्हणूनच अगत्याचे आहे.

मालवण येथे १८८४ साली जन्मलेल्या आघारकरांचे उच्च शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले. सह्याद्रीत भ्रमंती करताना त्यांना गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळला. तो वंश तोवर आफ्रिकेतूनच ज्ञात होता. कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या घोष प्राध्यापकपदी नियुक्ती झाल्यावर ते अध्ययनार्थ जर्मनीस गेले व पहिल्या महायुद्धात तेथेच स्थानबद्ध झाले. तशा स्थितीतही अभ्यास पूर्ण करून ते बर्लिनची डॉक्टरेट घेऊन परतले.

१९४६ साली ते सेवानिवृत्त झाले. वयाची साठी उलटलेली असताना विश्रांती न घेता त्याच वर्षी त्यांनी सहकाऱ्यांसह पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची स्थापना केली आणि १९६० मध्ये निधन होईपर्यंत तिची धुरा वाहिली. १९९२ पासून तिची संशोधन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पश्चिम घाटातील वनस्पतींचे नमुने तेथे जतन केलेले असून द्रव्यनिश्चितीसाठी औषधनिर्मात्यांना त्यांचा आधार मिळतो.

या आधाराची निकड आम्हांस अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत पदोपदी जाणवते. सोसायट्यांच्या कुंपणालगत सरळसोट वाढणाऱ्या झाडास लोक अशोक म्हणतात. तो पॉलिअल्थिया लाँगिफोलिया होय, सीताफळाच्या कुलातील. ग्रंथोक्त अशोक म्हणजे सराका असोका. त्याची पाने संयुक्त व फुलांचे गुच्छ केशरी-तांबडे. झाडे शेजारी उभी असता भेद सहज कळतो. परंतु वाळलेल्या सालीचे तुकडे गोणीतून आले की डोळे फसतात. खरा अशोक निसर्गात दुर्मिळ होत चालल्याने हा धोका वाढतो. पुनर्नव्याच्या जागी ट्रायन्थेमा आणि ब्राह्मीच्या जागी मंडूकपर्णी, हीही नित्याचीच उदाहरणे. अशा वेळी अशोकारिष्टाचा गुण आला नाही, तर दोष योगाचा, वैद्याचा की द्रव्याचा, हे ठरवावे कसे?

फार्मसीचालकांनी द्रव्यखरेदी करताना केवळ प्रचलित नावावर न विसंबता शास्त्रीय नाव व प्रयोज्यांग यांचा उल्लेख बिलावर आग्रहाने करून घ्यावा. शक्य तेथे पाने-फुलांसह नमुना, आणि सालीबाबत सूक्ष्मदर्शकीय परीक्षण करवून घ्यावे. प्रत्येक घाण्यातील कच्च्या द्रव्याचा थोडा अंश तारीखवार जपून ठेवावा. वैद्यांनीही वर्षातून एकदा तरी विद्यार्थ्यांसह बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जाऊन झाडे प्रत्यक्ष पाहावीत. मात्र तेथील पानही तोडू नये. एका प्राध्यापकाने निवृत्तीनंतरची १४ वर्षे ज्या विद्येच्या संस्थेसाठी वेचली, तिचा उपयोग करून घेणे आता आपल्या हाती आहे.