एका अक्षरात मावणारा अविश्वास

सिंगापूरच्या टॅम्पिनीसमध्ये दुपारी उशिरा एखाद्या हॉकर सेंटरवर, म्हणजे खाद्यपदार्थांच्या दुकानांच्या संकुलात, गेलात, तर असा संवाद कानावर पडेल. दुकानदार म्हणतो, "फिनिश्ड ऑलरेडी." गिऱ्हाईक विचारतं, "सो अर्ली फिनिश्ड मे?" गिऱ्हाईक चिनी असेल, मलाय असेल, तमिळही असेल. या 'मे'त नुसती विचारणा नाही. "इतक्यात कसं संपेल? मला तर वाटलं होतं, मिळेल!" हा सगळा भाव त्यात आहे. आपलं 'संपलं की काय?' त्याच्या जवळपास जातं.

हा 'मे' कँटोनीज या चिनी भाषेतून आला. 'हाय मे?' म्हणजे 'असं? खरंच?' आणि 'म् हाय क्वा' म्हणजे 'नसेल हो तसं!' असे वाक्याला शेवटी जोडायचे तिसाहून अधिक प्रत्यय त्या भाषेत आहेत. एवढे कशाला लागतात, याचं उत्तर मला फार सुंदर वाटतं.

मराठीत 'आला' सरळ म्हटलं की बातमी, शेवट उंचावला की शंका. शब्द तोच राहतो. कँटोनीजमध्ये सूर बदलला की शब्दच बदलतो. 'सी' हे अक्षर सहा सुरांत म्हटलं की कविता, इतिहास, चाचणी, वेळ, बाजार आणि बाब असे सहा अर्थ निघतात. मा, चिओका आणि व्हाइटहिल या संशोधकांनी 2006 साली दाखवलं की, प्रश्नाच्या शेवटी आवाज चढला की खालच्या सुरातले शब्द ऐकणाऱ्याला चढत्या सुरातले वाटतात. म्हणजे 'बाब' आश्चर्याने उच्चारली, तर ती 'इतिहास' ऐकू येण्याची भीती! 'मे' ही अडचण सोडवतो. आधीच्या शब्दाचा सूर जागेवर राहतो आणि अविश्वासाचं काम शेवटचं अक्षर करतं.

'मे'चा स्वतःचा सूर उंच आणि सपाट. सिंगापूरच्या इंग्रजीत 'मे' हा सूर घेऊनच उतरला, असं भाषाशास्त्रज्ञ लिसा लिम यांनी 2007 साली मांडलं. सूर नसलेल्या भाषेत सूर टिकावा, हे विलक्षणच.

1979 साली सिंगापूर सरकारने 'मँडरिन बोला' मोहीम सुरू केली आणि कँटोनीजसारख्या बोली घराघरांतून मागे हटल्या. 2020 च्या जनगणनेत घरी मुख्यतः चिनी बोली बोलणारे 8.7 टक्के उरले. 'मे' मात्र सर्वांच्या तोंडी आहे.

टॅम्पिनीसला गेलात, तर साध्या प्रश्नाला 'मे' जोडू नका. समोरच्याला वाटेल, तुमचा त्याच्यावर विश्वास नाही.