चिठ्ठीस कारण की...

शाळेतून निवृत्त होऊन मला पाचसहा महिने झाले असतील नसतील, तोच मला नटी व्हायचे डोहाळे लागले. नटी म्हणजे अगदी नाटकातली नव्हे हो! चार माणसांपुढे एकटीने उभे राहून आपणच लिहिलेली गोष्ट सांगायची, एवढीच हौस. आमच्या 'ह्यांनी' चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, "तेहेतीस वर्षं बोललीस, अजून घसा भरला नाही?"

पण यात नवल ते काय? वर्ग हीसुद्धा रंगभूमीच; फक्त प्रेक्षकांना उठून जायची सोय नाही. द. मा. मिरासदार पेशाने प्राध्यापक, आणि त्यांचे कथाकथन ऐकायला माणसे दाटीवाटीने बसत. वसंत कानेटकर नाशिकच्या कॉलेजात शिकवता शिकवता नाटके लिहीत. अर्थात ही मंडळी ऐन उमेदीतच लिहू लागलेली. मी आपली पेन्शनीत निघालेली!

कोजागरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर माझा पहिला प्रयोग झाला. गोष्ट खरीच घडलेली होती. माझ्या पाचवीच्या वर्गातला एक मुलगा दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने आईची चिठ्ठी आणली. वहीच्या फाटक्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, भलत्याच शब्दांवर अनुस्वार. अक्षर त्याचेच, हे मी तत्काळ ओळखले. चिठ्ठी मी साऱ्या वर्गाला वाचून दाखवली, तांबड्या शाईने एकेक चूक दुरुस्त केली आणि खाली १० पैकी २ गुण दिले. सत्तर मुले खो खो हसली. पुढे केव्हातरी कळले, की त्याच्या आईला लिहिता येत नव्हते. तिने सांगितले ते त्याने उतरवून घेतले होते.

खरे तर गोष्ट इथे संपते. मी मात्र पुढे दहा मिनिटे बोलत राहिले. भरगच्च वर्ग, तपासायच्या वह्यांचे ढीग, मुलांना लागणारी शिस्त! श्रोत्यांनी मसाल्याचे दूध संपवून टाळ्या वाजवल्या. जिना उतरताना माझी एक जुनी विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "बाई, गोष्ट छान होती. पण शेवटी तुम्ही धडा शिकवायला लागलात."

त्या रात्री मला झोप आली नाही. धडा कसला? मी माझी बाजू मांडत होते.

तिनेच मग मला फ्रँक मकोर्ट यांची दोन पुस्तके आणून दिली. हेही आमच्याच जातीचे, म्हणजे मास्तर! १९५८ पासून जवळजवळ तीस वर्षे न्यू यॉर्कच्या शाळांत इंग्रजी शिकवणारे. आयर्लंडमधल्या लिमरिक शहरातले आपले दरिद्री बालपण ते वर्गातल्या मुलांना सांगत. भाऊ मलाकी याच्याबरोबर त्यांनी ते रंगमंचावरही सांगितले. पुस्तक मात्र निवृत्तीनंतर, १९९६ साली, वयाच्या ६६ व्या वर्षी आले. त्या 'अँजेलाज अ‍ॅशेस'ला पुढच्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. सारी हकिगत लहान मुलाच्या तोंडून सांगितलेली आहे. ते मूल पाहते, ऐकते, सांगते. समर्थन करीत बसत नाही.

पण मला जागच्या जागी बसवले ते दुसऱ्या पुस्तकाने, २००५ सालच्या 'टीचर मॅन'ने. मकोर्टांच्या वर्गातली मुलेही आईबापांच्या नावाने खोट्या चिठ्ठ्या लिहून आणीत. मास्तरांना वाटले, अरे, मुलांचे सगळ्यांत फक्कड लेखन तर हेच! त्यांनी वर्गाला चिठ्ठ्याच लिहायला लावल्या. आदमाने आणि ईव्हने देवाला लिहिलेल्यासुद्धा. आणि माझ्या हातात खरी चिठ्ठी आली होती, तेव्हा मी तांबडी शाई काढली होती.

यंदाच्या गणपतीत मी तीच गोष्ट पुन्हा सांगितली. शेवटची दहा मिनिटे कापून टाकली होती. लुगड्याचा पदर कापावा तसे वाटले. त्याच्या आईला लिहिता येत नव्हते, या वाक्यापाशी आले आणि हात जोडून थांबले. टाळी पडली नाही. मागच्या रांगेतून एका आजोबांनी विचारले, "मग बाई, कळल्यावर तुम्ही त्या पोराला काय म्हणालात?"

"काही नाही," मी म्हटले. "मी त्याला काहीच म्हटलं नाही."