दोन दिवस, सहा घरे आणि अर्ध्या तासाचे माहेर

शुक्रवारची संध्याकाळ. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर डेक्कन क्वीनसाठी गर्दी उसळलेली असते. त्या गर्दीत काही कुटुंबे सहज ओळखू येतात. नवऱ्याच्या खांद्यावर कपड्यांची बॅग, बायकोच्या हातात मिठाईची पिशवी आणि मुलीच्या पाठीवर दप्तर, कारण सोमवारचा गृहपाठ अजून व्हायचाच असतो. १९३० साली सुरू झालेल्या या गाडीने आजवर किती लेकी-सुनांची ने-आण केली असेल, याची गणती कोण करणार? मुंबई ते पुणे हा १९२ किलोमीटरचा प्रवास तसा सुखाचा. खरी धावपळ सुरू होते ती गाडीतून उतरल्यावर.

असेच एक जोडपे. दोघेही नोकरी करणारे, मुलगी तिसरीत. सासर सदाशिव पेठेत, तर माहेर चिंचवडला. दोन-तीन महिन्यांतून एकदा पुण्याला जायचे, असा नेम. शनिवारी सकाळी चहा होतो न होतो, तोच सासूबाईंची यादी तयार असते. आत्याबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना भेटायला हवे. मोठे काका वाट पाहत आहेत. नणंदेने कोथरूडला नवा फ्लॅट घेतला आहे. हडपसरला चुलतदिराकडे बाळ झाले आहे. “पाच मिनिटं नुसतं डोकावून या गं, नाहीतर रुसतील,” असे म्हटले की सुनेला नाही म्हणता येत नाही.

पण पाच मिनिटांची भेट कुठे असते का? पहिल्या घरी पोहे, दुसऱ्या घरी शिरा, तिसऱ्या घरी पुन्हा पोहे. “आमच्याकडे काहीच घेत नाही,” हा टोमणा टाळण्यासाठी चौथ्या घरीही बशी रिकामी करावी लागते. ओटी भरली जाते, मुलीच्या हातावर नोट ठेवली जाते, “किती मोठी झालीस!” असे कौतुक होते आणि चपला घालता घालताच पुढच्या घरी फोन केला जातो. रविवारी सासरी जेवण, मागची आवराआवर आणि मग परतीच्या गाडीला उरलेल्या वेळात चिंचवड. म्हणजे माहेर होते अर्ध्या तासाचे! आईने सकाळपासून खपून केलेल्या करंज्या डब्यात भरून घ्यायच्या, “कशी आहेस?” विचारायचे, “छान आहे गं, माझी काळजी करू नकोस,” हे उत्तर ऐकायचे आणि रिक्षात बसायचे.

“छान आहे”चा खरा अर्थ

एका खेपेला मात्र मुलीला ताप आला आणि परतीचा बेत एक दिवस पुढे ढकलावा लागला. ती रात्र चिंचवडला काढायची ठरली. सकाळी चहाच्या वेळी लेकीच्या लक्षात आले, की आईने रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली. पाकिटावरची अक्षरे तिला नीट दिसत नव्हती. रात्री ती भिंतीला हात लावत न्हाणीघरापर्यंत जात होती. गेली दोन वर्षे लेक येत होती, पण यातले काहीच तिला कळले नव्हते. अर्ध्या तासाच्या भेटीत म्हातारी माणसे हसून बोलतात, खायला घालतात आणि निरोप देतात. त्यांचे दुखणे, विसराळूपणा, एकटेपणा दिसायला त्यांच्या घरी एक रात्र राहावे लागते. हे जसे आईबाबांना लागू आहे, तसेच सासू-सासऱ्यांनाही.

लेकीचीही जबाबदारी

सून सासरी राहणारच आणि माहेरी मात्र ‘जाऊन येणार’, हा हिशेब आता बदलायला हवा. महाराष्ट्राने १९९४ साली आणि पुढे २००५ साली केंद्र सरकारने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला, त्यातही ‘अपत्य’ या शब्दात मुलगा आणि मुलगी दोघेही येतात. हक्क आणि कर्तव्य दोन्ही कायद्याने सारखी केली. मग शनिवार-रविवारच्या वाटणीतच मुलीच्या आईवडिलांच्या वाट्याला उरलासुरला वेळ का यावा?

त्या तापाच्या प्रसंगानंतर या जोडप्याने बेत बदलला. शुक्रवारची रात्र आणि शनिवार दुपारपर्यंतचा वेळ सासरी, शनिवारची रात्र माहेरी. पुढच्या खेपेला क्रम उलटा. हे सासूबाईंना सांगण्याचे काम नवऱ्याने स्वतः केले. तेच योग्य होते. सुनेने सांगितले असते, तर ती तक्रार वाटली असती. सासूबाई आधी थोड्या गप्प झाल्या. पण तरुणपणी त्यांनाही वर्षातून एकदाच, तेही परवानगी काढून माहेरी जायला मिळत असे. ते त्या विसरल्या नव्हत्या. “शनिवारी आईकडेच राहा. सकाळी घाई करू नकोस,” असे पुढच्या वेळी त्यांनीच सांगितले.

एवढे करून पाहा

नातेवाइकांना तोडायचे नाही, पण घरे मोजायचीही नाहीत. प्रत्येकाच्या दारात जाण्यापेक्षा एका घरी सगळ्यांनी जमावे. प्रत्येकीने एकेक पदार्थ करून आणला, की यजमानीणही स्वयंपाकघरात अडकत नाही आणि मुलांना भावंडे भेटतात. आजारी माणूस किंवा बाळंतीण यांच्याकडे मात्र जाऊन भेटावे, एका खेपेला एकाच घरी. बाकीच्यांना निघण्यापूर्वीच फोन करून “या वेळी जमणार नाही, पुढच्या वेळी नक्की,” असे सांगावे. ऐनवेळी न जाण्याने जितका राग येतो, तितका आधी सांगण्याने येत नाही.

प्रवासाची सबबही आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत पोचल्यापासून पेठांतून पिंपरीपर्यंत रहदारीत न अडकता जाता येते. इंदूर किंवा बडोद्याहून रात्रीचा प्रवास करून पुण्या-नाशिकला येणाऱ्या मराठी कुटुंबांच्या हातात तर वेळ आणखीच कमी असतो. त्यांनी एका खेपेला एकच मुक्कामाचे घर ठरवलेले बरे.

चिंचवडच्या घरी आता गोळ्यांचा डबा आला आहे, सकाळचा आणि रात्रीचा कप्पा वेगळा असलेला. न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर एक छोटा दिवा जळतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन नवा चष्माही झाला. त्या रविवारी आत्याबाईंकडचे पोहे राहून गेले. आत्याबाई थोड्या रुसल्या, पण फोनवर कारण कळल्यावर त्यांनीच विचारले, “आईला आता नीट दिसतं ना गं?”