शौचालयांची संख्या ठरवणारा न्यायाधीश

मार्च २०२५मध्ये अमेरिकेतील केंद्रीय जिल्हा न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी हद्दपारीची विमाने रोखण्याचा आदेश दिला आणि अध्यक्ष ट्रम्प यांनी थेट त्यांच्यावर महाभियोगाची मागणी केली. निकाल पटला नाही तर अपील करावे, हे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांना त्याच दिवशी पत्रक काढून सांगावे लागले. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानेच जिल्हा न्यायाधीशांच्या देशव्यापी मनाईहुकमांना कात्री लावली. निवडून न आलेल्या एकट्या माणसाला एवढा अधिकार कशासाठी, हा तिथला आजचा वाद. मला त्यावर अलाबामाचे जिल्हा न्यायाधीश फ्रँक जॉन्सन आठवतात.

केंद्रीय जिल्हा न्यायाधीशाला राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देते. नेमणूक तहहयात, पगारही घटवता येत नाही. या तरतुदींचे मोल जॉन्सन यांच्या आयुष्यात कळते. नॉर्मंडीच्या लढाईत जखमी झालेला हा अलाबामाचा माणूस १९५५मध्ये माँटगोमेरीत न्यायासनावर बसला तेव्हा ३७ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने शहरातील बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. त्या दोघांत जॉन्सन होते. त्यांच्या अंगणात क्रॉस जाळला गेला. १९६७मध्ये त्यांच्या आईच्या घरात बॉम्ब फुटला. सुदैवाने ती बचावली. मतदानहक्कासाठीचा १९६५चा सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चाही त्यांच्याच आदेशामुळे निघू शकला. मोर्चाला बंदी घालणारे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस हे त्यांचे कायद्याच्या वर्गातले सहाध्यायी.

हे सगळे बऱ्याच जणांना ठाऊक असते. मला मात्र ‘वायट विरुद्ध स्टिकनी’ हा खटला अधिक मोठा वाटतो. १९७०मध्ये राज्याने टस्कलूसाच्या ब्राइस मनोरुग्णालयातील कर्मचारी कमी केले, त्यातून तो उभा राहिला. रिकी वायट हा मनोरुग्ण नसताना तिथे डांबलेला किशोरवयीन मुलगा. सुमारे पाच हजार रुग्ण आणि मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध उपचारासाठी कोंडायचे आणि उपचारच द्यायचे नाहीत, हे घटनेत बसत नाही, असे जॉन्सन यांनी ठरवले. आधी राज्याला सहा महिन्यांची मुदत दिली. काही हलले नाही. मग १९७२च्या आदेशाच्या परिशिष्टात किमान निकषच घालून दिले: दर आठ रुग्णांमागे एक शौचालय, दर पंधरांमागे एक शॉवर किंवा टब, खोलीचे तापमान ६८ ते ८३ अंश फॅरनहाइट.

न्यायाधीशाने नळ आणि संडास कशाला मोजावेत, अशी टीका झाली, आजही होते. मला ती मान्य नाही. वरच्या न्यायालयापुढे कागद येतात; खालच्या न्यायालयात साक्षीदार उभे राहतात, आणि त्या रुग्णांना काय भोगावे लागते हे त्यांच्या तोंडून ऐकणारा न्यायाधीश ‘योग्य ती व्यवस्था करावी’ एवढेच लिहून मोकळा झाला, तर काहीच बदलत नाही. आपल्याकडच्या जनहित याचिकांचा अनुभवही हेच सांगतो. शिवाय कोंडलेल्या रुग्णाच्या मागे मतांची ताकद नसते, त्यामुळे निवडून आलेल्यांना त्याच्याकडे पाहण्याची निकड वाटत नाही. राज्याच्या तुरुंगांबाबतही जॉन्सन यांनी १९७६मध्ये हीच पद्धत वापरली.

कार्टर यांनी त्यांना १९७७मध्ये एफबीआयचे प्रमुखपद देऊ केले, पण प्रकृतीमुळे ते राहून गेले; पुढे ते अपील न्यायालयात गेले. १९९९मध्ये ते वारले तेव्हाही वायट खटला चालूच होता. तो २००३मध्ये निकाली निघाला.