केमोच्या वर्षीचा फुटबॉल

कोल्हापूरचा फुटबॉल हंगाम साधारण डिसेंबरच्या सुमाराला सुरू होतो आणि वळीव कोसळायला लागला की आटपतो. २०२२ साली तो सुरू होण्याआधी माझा सुरू झाला. नोव्हेंबरात काखेतल्या गाठीचा तुकडा तपासणीला गेला, रिपोर्टात लिंफोमा आला आणि डॉक्टरांनी कागदावर सहा चौकोन काढून दाखवले. केमोच्या सहा फेऱ्या, दर २१ दिवसांनी एक. मी मनातल्या मनात पहिला हिशेब केला तो लीगचा. तिसऱ्या फेरीपर्यंत पाटाकडील आणि खंडोबाची मॅच होऊन गेलेली असेल, की व्हायची असेल? हे बायकोला सांगितलं नाही. त्या दिवशी तरी खपलं नसतं.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचे आहेत. तालीम म्हणजे लाल माती, जोर-बैठका, कुस्ती. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधलं, त्याची ख्याती मल्लांमुळे. पण त्याच तालमींच्या पोरांनी पुढे बॉलही पायात घेतला आणि तो सोडला नाही. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, जुना बुधवार, संध्यामठ, फुलेवाडी ही नावं इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होतात. १९४० पासूनची कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, लीग चालवते. वरिष्ठ गटात १६ संघ, मैदान एकच, छत्रपती शाहू स्टेडियम. दुपारी एक सामना, त्याच्या पाठोपाठ दुसरा.

या लीगला पुण्या-मुंबईत कुणी ओळखत नाही. टीव्हीवरच्या मोठ्या लीगांच्या कितीतरी पायऱ्या खाली तिची जागा. खेळणारा पोरगा सकाळी एमआयडीसीत कामाला असतो, नाहीतर कॉलेजात. अलीकडे मोठ्या तालमी नायजेरियन खेळाडू आणतात. ते पेठेत खोली घेऊन राहतात, आणि दोन महिन्यांत त्यांना कोल्हापुरी शिव्या कळायला लागतात. यातून क्वचित एखादा अनिकेत जाधव निघतो. लहानपणी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. दिल्लीत अमेरिकेशी, कोलंबियाशी आणि घानाशी झालेले भारताचे तिन्ही सामने आम्ही हरलो. पण ‘आपला पोरगा’ म्हणून रिक्षा स्टॉपपासून महाद्वार रोडपर्यंत सगळे टीव्हीला चिकटून बसले होते. बाकी नव्याण्णव टक्के पोरं इथंच खेळतात, इथंच निवृत्त होतात आणि पुढे गॅलरीत बसून आजच्या पोरांना अक्कल शिकवतात.

माझ्या उपचाराचं नाव आर-चॉप. चार औषधं शिरेतून, पाचवं गोळ्यांचं. त्यातलं एक लालभडक असतं. ते नळीतून उतरताना वॉर्डातले सगळे पेशंट एकदा तरी मान वळवून बघतात. पहिले पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या. झोप उडते, भूक राक्षसासारखी लागते, माणूस मध्यरात्री डबे धुंडाळतो. माझ्या नशिबानं त्या वेळी कतारचा विश्वचषक चालू होता आणि काही सामने आपल्याकडे रात्री साडेबाराला लागत. अख्खं घर झोपलेलं, मी स्टेरॉइडवर टक्क जागा, समोर कुठलीतरी गटसाखळी. बाहेर चौकात मेस्सी आणि नेमारचे दोन मजली कटआउट उभे. २२ नोव्हेंबरला अर्जेंटिना सौदी अरेबियाकडून हरली तेव्हा आमच्या गल्लीत सुतक होतं. तेव्हा माझा रिपोर्ट यायचा होता. शेजारचे लोक तोंड पाडून बसले होते, त्यामुळे माझं तोंड कुणाच्या लक्षात आलं नाही, हे बरंच झालं.

दुसरा आठवडा वाईट. औषधानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात, साधारण सातव्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत. डॉक्टरांचा हुकूम असा की गर्दीत जायचं नाही, बाहेरचं खायचं नाही, कच्ची कोशिंबीर नाही, आणि ताप शंभराच्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करायचा. तोंडात फोड. तांबडा रस्सा दूरच, पांढराही झोंबायचा. तिसऱ्या आठवड्यात माणूस वर येतो, जिना चढतो, लोकांशी भांडतो. तेवढ्यात पुढचा चौकोन. म्हणजे तीन आठवड्यांतला एकच आठवडा मला स्टेडियमचा. लीगच्या वेळापत्रकाला माझ्या पेशींशी काही देणंघेणं नव्हतं. ज्या मॅचची वर्षभर वाट बघायची ती नेमकी दहाव्या-बाराव्या दिवशी, आणि माझ्या चांगल्या आठवड्यात तळाच्या दोन संघांची लढत. पण मी तळाच्या संघांचेही सामने बघितले, आणि खरं सांगायचं तर त्या वर्षी तेच जास्त रंगले. खाली घसरायची भीती असलेला संघ शेवटच्या दहा मिनिटांत जो जीव तोडून खेळतो, तो विजेतेपद ठरवून आलेल्या संघाला जमत नाही.

दुसऱ्या आठवड्यातली मॅच मी घरातून बघायचो. आमचं घर मंगळवार पेठेत, खासबागेच्या अलीकडे. सामना फोनवर लाइव्ह दिसतो, पण ते चित्र मैदानाच्या मागे असतं, कधी अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त. फोनवर बॉल अजून मधल्या फळीत घुटमळत असायचा आणि खिडकीतून आरोळी यायची. गोल झाला हे कळायचं. कुणाचा, कुणी मारला, हे बघायला पुढचं अर्धं मिनिट. पहिल्या दोन मॅचला चिडचिड झाली, मग त्यातच मजा यायला लागली. आरोळीवरून ओळखायचं. हलगी लगेच वाजली तर ठरलेल्या संघाचा. आधी शांतता आणि मग एका कोपऱ्यातून फटाके, तर उलटफेर. नुसता ‘अरेरे’चा लोट आला तर पेनल्टी घालवली. बायको म्हणायची, खिडकी लावा, धूळ येते. धुळीचा मुद्दा डॉक्टरांच्या दृष्टीनं बरोबर होता. खिडकी उघडीच राहिली.

घरी भेटायला येणाऱ्यांबद्दल कृतघ्न व्हायचं नाही, तरीही लिहितो. येणारा प्रत्येक जण दोन गोष्टी घेऊन यायचा. एक, गव्हांकुराचा रस किंवा तत्सम काही. दोन, त्याच्या साडूच्या किंवा मेव्हण्याच्या दुखण्याची कथा, तीही शेवटपर्यंत. ऐकताना माझा चेहरा कसा ठेवायचा हे मला कळायचं नाही. स्टेडियमात यातलं काही नव्हतं. डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क लावून मी रावणेश्वराच्या बाजूनं आत शिरायचो. करोना लोक विसरले होते, मास्कवाला मी एकटाच. आमच्या नेहमीच्या पायरीवरचा एक जण मला पहिल्यांदा बघून म्हणाला, “अण्णा, लई बारीक झालासा की.” मी म्हटलं, “औषध चालू हाय.” तो म्हणाला, “बरं बरं,” आणि त्याच श्वासात पंचाच्या घराण्याचा उद्धार केला, कारण तेवढ्यात ऑफसाइडचं निशाण वर गेलं होतं. त्या दोन महिन्यांत माझ्या तब्येतीची याहून योग्य विचारपूस कुणी केली नाही.

चौथ्या फेरीनंतर बोटांची टोकं बधिर झाली. एका औषधाचा तो ठरलेला त्रास आहे, शर्टाची बटणं लागत नाहीत, सुट्टे पैसे हातातून निसटतात. गोल झाल्यावर टाळ्या वाजवल्या तर आवाज यायचा पण हाताला काही लागायचं नाही, दुसऱ्याच कुणाच्या टाळ्या आपण ऐकतोय असं वाटायचं. मग मी ओरडण्यावर भर दिला. घशाला बंदी नव्हती.

केमोच्या डे-केअर वॉर्डात आजूबाजूला निपाणीचे, चंदगडचे, कणकवलीकडचे पेशंट असायचे. माझ्या लहानपणी या आजाराला ‘टाटाला नेलं’ असं म्हणत. महालक्ष्मी एक्सप्रेसचं रात्रीचं तिकीट, परळला कुणाच्या तरी खोलीत मुक्काम, आणि मागे घरात कुजबुज. आता तीच औषधं घरापासून रिक्षाच्या अंतरावर मिळतात. माझ्या पाचातलं सगळ्यांत महागडं इंजेक्शन २००७ पासून भारतीय कंपनी बनवते, म्हणून ते निदान आवाक्यात आलं. शिवाय महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद घेऊन बसलेले कितीतरी लोक मी तिथं बघितले. योजना नसती तर त्यांनी उपचार मध्येच सोडले असते हे तेच सांगायचे.

शेजारच्या खुर्चीवर एक गडहिंग्लजचे गृहस्थ होते, निवृत्त शिक्षक. त्यांच्या आणि माझ्या तारखा जुळायच्या. गडहिंग्लजलाही फुटबॉलची जुनी परंपरा आहे आणि तिथल्या माणसाला कोल्हापूरकरांचा तोरा सहन होत नाही, हे मला पहिल्याच दिवशी समजलं. मी फोनवर लीगचा निकाल बघत होतो. त्यांनी तिरक्या नजरेनं विचारलं, “काय, तालमींची मारामारी व्हय?”

“लीग हाय, गुरुजी.”

“लीग कुठली? आमच्याकडं दिवाळीला एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर या. भायेरनं संघ येतात, गोव्याचं, केरळचं. पब्लिक शांत बसून बगतंय. तुमच्यागत बाटल्या मारत न्हाई.”

बाटल्यांचा मुद्दा खोडता येईना, म्हणून मी प्रेक्षकांच्या संख्येवर आलो. ते पासिंगवर गेले. सलाईन संपून पंप टीं टीं वाजायला लागला तरी आमचं चालूच. सिस्टर येऊन म्हणाल्या, “दोघांचं बीपी घेणार होते, आता थांबते थोडा वेळ.” पुढच्या प्रत्येक फेरीला हा वाद तिथूनच पुढे सुरू झाला. सुई टोचताना कुठे बघायचं हा प्रश्न दोघांचाही मिटला.

गुरुजींनी काढलेल्या त्या बाटल्यांनीच पुढे माझा एक आठवडा खाल्ला. फेब्रुवारीतली गोष्ट. पेशी वर आलेल्या, डॉक्टरांची परवानगी मिळालेली, आणि आदल्या दिवशीच्या सामन्यात मैदानातली धक्काबुक्की गॅलरीत पोचली. दगड, बाटल्या, पोलिसांची काठी, आणि पुढचे सामने लांबणीवर. दोन्ही संघांची नावं लिहीत नाही, मला याच पेठेत राहायचंय. पण एरवी मी या प्रकाराकडे ‘ईर्ष्या आहे, चालायचंच’ म्हणून कानाडोळा करणाऱ्यांतला होतो, तो त्या वर्षीपासून नाही. वीस-बावीस वर्षांची पोरं एका थ्रो-इनवरून सगळ्या शहराचा खेळ बंद पाडतात, आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवणारे मोठे लोक दुसऱ्या दिवशी शांततेचं आवाहन करतात. या आवाहनांचा मला आता वीट आला आहे. ज्याला हवं त्यानं तालमीत जाऊन कुस्ती खेळावी, माती अजून आहे.

मार्चच्या मध्याला माझी सहावी फेरी झाली. लीग कुणी जिंकली, हेही मी लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायची गरज नाही, आणि माझा संघ कुठला होता हे त्यावरून ओळखणारे लोक कोल्हापुरात पुष्कळ आहेत. लीगनंतर आमच्याकडे बाद पद्धतीच्या स्पर्धांचं पीक येतं. सतेज चषक, अटल चषक, राजेश चषक, चंद्रकांत चषक, दर हंगामाला कमी-जास्त. नुसती नावं वाचली तरी शहराच्या राजकारणाचा अंदाज येतो. बक्षिसाच्या रकमा वाढल्या, खेळाडूंची पळवापळवी वाढली, ‘पूर्वीचा फुटबॉल राहिला नाही’ म्हणणारे पूर्वीइतकेच आहेत. मला विचाराल तर पैसा आला त्याचं वाईट वाटत नाही. पोराला चार पैसे मिळत असतील तर तो गुडघ्याचं ऑपरेशन तरी करून घेईल. पूर्वीचे आमचे कितीतरी चांगले खेळाडू सुजलेला गुडघा घेऊन पंचविशीत घरी बसले.

एप्रिलात पेट स्कॅन झाला. रिपोर्ट स्वच्छ. डॉक्टरांनी हात मिळवला, बायको रडली, मी गुरुजींना फोन केला. त्यांच्या दोन फेऱ्या अजून बाकी होत्या, पेशी वर यायला वेळ लागत होता म्हणून तारखा पुढे गेल्या होत्या. त्यांनी अभिनंदन केलं आणि विचारलं, “मग काल टायब्रेकरवर हरलासा म्हणं?” मे महिन्यात त्यांचाही स्कॅन झाला. त्या दिवाळीला त्यांनी मला गडहिंग्लजला नेलं. मैदानाच्या कडेला खुर्च्या, चहा, शेंगा, आणि सामना खरोखर चांगला होता. पब्लिकही शांत होतं. मी त्यांना तसं म्हटलं नाही.

तपासणी पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी होती, आता सहा महिन्यांनी असते. गेल्या खेपेला रिसेप्शनवरच्या पोरानं मला नेमकी एका चषकाच्या फायनलच्या दुपारची तारीख दिली. मी म्हटलं, “एक दिवस पुढं ढकल की लेका, फायनल हाय.” त्यानं मान वर न करता विचारलं, “पेठ कुठली, काका?” मी सांगितली. तो म्हणाला, “मग हीच तारीख बरी हाय. तुमचंच बीपी वाचंल.” नंतर कळलं, तो शिवाजी पेठेतला. मी सरळ आत डॉक्टरांकडे गेलो आणि तारीख बदलून आणली.