शेतकरी उत्पादक कंपनी : नोंदणी आणि प्राप्तिकर

एकट्या शेतकऱ्याला बाजारात आपल्या मालाचा भाव ठरविता येत नाही. अनेकांनी मिळून माल विकल्यास सौदा करण्याची शक्ती वाढते. या हेतूने ठिकठिकाणी शेतकरी उत्पादक कंपन्या स्थापन झाल्या आहेत. परंतु नोंदणीचे प्रमाणपत्र मिळाले की काम संपले, आणि शेतमालाच्या व्यापारावर प्राप्तिकर नसतो, हे दोन गैरसमज कंपनीला अडचणीत आणतात.

कंपनीचे स्वरूप : 1956 च्या कंपनी कायद्यात 2002 साली दुरुस्ती करून उत्पादक कंपनीची तरतूद करण्यात आली. 2021 पासून ती 2013 च्या कायद्याचा भाग आहे. किमान 10 उत्पादक किंवा 2 उत्पादक संस्था अशी कंपनी काढू शकतात. संचालक 5 ते 15 असावे लागतात. सर्व सभासद व्यक्ती असल्यास, भाग कितीही असोत, प्रत्येकास मत एकच असते. कंपनी तोट्यात गेली तरी सभासदाची जबाबदारी त्याच्या भागांच्या न भरलेल्या रकमेपुरतीच राहते. मात्र कंपनीच्या कर्जास कोणी व्यक्तिशः जामीन राहिल्यास ती जबाबदारी निराळी होय.

नोंदणी : अर्ज संगणकाद्वारे केंद्र शासनाच्या कंपनी खात्याकडे करावयाचा असतो. प्रथम नाव मंजूर करून घ्यावे; नावाच्या शेवटी ‘प्रोड्यूसर कंपनी लिमिटेड’ हे शब्द आवश्यक आहेत. घटनापत्रक, नियमावली, कार्यालयाच्या पत्त्याचा पुरावा, सभासद उत्पादक असल्याचा पुरावा आणि संचालकांची अंकीय स्वाक्षरी ही तयारी आधीच ठेवावी. नोंदणीबरोबरच कंपनीस पॅन क्रमांक मिळतो.

नोंदणीनंतरची कर्तव्ये : पहिली वार्षिक सर्वसाधारण सभा 90 दिवसांच्या आत घ्यावी. भागांची रक्कम जमा झाल्याचे निवेदन 180 दिवसांच्या आत दाखल करावे. त्यापूर्वी व्यवहार सुरू करता येत नाही. दरवर्षी हिशेब तपासून घेऊन सभेनंतर 30 दिवसांत हिशेबपत्रके व 60 दिवसांत वार्षिक विवरण सादर करावे. विलंब झाल्यास प्रत्येक पत्रकास दररोज 100 रुपये जादा शुल्क पडते. सलग 3 वर्षे पत्रके न दिल्यास संचालक 5 वर्षांकरिता अपात्र ठरतात.

प्राप्तिकर : शेतकऱ्याने स्वतः पिकविलेल्या मालाचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे. परंतु तोच माल कंपनीने विकत घेऊन पुढे विकला, तर होणारा नफा हा व्यापाराचा नफा होय. तो करपात्र आहे. 100 कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढालीच्या उत्पादक कंपन्यांना दिलेली नफ्यावरील पूर्ण वजावट 2018-19 ते 2023-24 या आर्थिक वर्षांपुरतीच होती. कंपनीने 22 टक्क्यांचा सवलतीचा दर स्वीकारल्यास 4,00,000 रुपये करपात्र नफ्यावर कर 88,000 रुपये, त्यावर 10 टक्के अधिभार 8,800 रुपये आणि या दोहोंच्या बेरजेवर 4 टक्के उपकर 3,872 रुपये, असे एकूण 1,00,672 रुपये भरावे लागतात. नफा नसला तरी विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. ते मुदतीत न दिल्यास व्यापारातील तोटा पुढील वर्षांच्या नफ्यातून वजा करून घेता येत नाही.

म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कंपनी काढण्याचा सल्ला देतानाच हिशेबनिसाची व सनदी लेखापालाची व्यवस्था आणि त्यांच्या खर्चाची तरतूद करवून घ्यावी. वर्षाचा व्यवहार हा खर्च पेलण्याइतका नसेल, तर प्रथम गट म्हणून एकत्र विक्री करावी आणि व्यवहार वाढल्यावर कंपनीची नोंदणी करावी, हेच हिताचे ठरेल.