ईथ-झिरो गेलं कुठे?

लिनक्स, रोजच्या कामाचं : लेखांक ११

अपग्रेड व्यवस्थित पार पडतं, मशीन रीस्टार्ट होतं आणि काळ्या पडद्यावर भराभर वर सरकणाऱ्या हिरव्या ‘ओके’च्या रांगेत एकच ओळ लाल उमटते : ‘फेल्ड टू स्टार्ट रेझ नेटवर्क इंटरफेसेस’. लॉगिन होतं, फायली जागच्या जागी असतात, यूएसबीवरचा प्रिंटरही चालतो. फक्त नेट नाही. मग केबल काढून पुन्हा खोचली जाते, स्विच बंद-चालू होतो, राउटरच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. शेवटी आमच्या जबलपुरी हिंदीत कुणीतरी ‘कार्ड उड़ गया’ असा निकाल देतो आणि नवं कार्ड येतं. त्यानेही काही होत नाही, कारण जुनं कार्ड ठणठणीतच होतं. बदललं होतं ते त्याचं नाव.

मागच्या लेखांकात अपग्रेडआधीच्या बॅकअपबद्दल बोललो. बॅकअप असूनही माणूस हमखास अडकतो ती जागा ही. पडद्यावर ही नावं रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत दिसतात. इथे मी ती उच्चाराप्रमाणे लिहिणार आहे, म्हणजे ‘ईथ०’ हे ई, टी, एच आणि शून्य.

लिनक्समध्ये नेटवर्क कार्डाला वर्षानुवर्षं ईथ०, ईथ१ अशीच नावं मिळत आली. कार्डाचा ड्रायव्हर लोड झाला की कर्नल पुढचा रिकामा आकडा त्याला देऊन मोकळा होतो. एकच कार्ड असलेल्या मशीनवर याने काही बिघडत नाही. दोन कार्डं असली की पंचाईत होते, कारण ड्रायव्हर एकाच वेळी लोड होत असतात आणि कोण आधी बाजी मारेल याचा नेम नसतो. घरातली मुलं रोज ज्या क्रमाने उठतील त्या क्रमाने त्यांना थोरला, मधला, धाकटा म्हणायचं ठरवलं तर जे होईल तेच इथे होतं. काल इंटरनेटच्या बाजूला असलेलं ईथ० आज ऑफिसच्या बाजूला.

यावर आधी एक उपाय झाला. युडेव्ह नावाचा प्रोग्रॅम प्रत्येक कार्डाचा मॅक ॲड्रेस, म्हणजे कारखान्यातून येणारा बारा अंकाक्षरांचा क्रमांक, एका फाइलमध्ये लिहून ठेवू लागला आणि त्यासमोर कायमचं नाव. फाइलचं नाव ‘७०-पर्सिस्टंट-नेट.रूल्स’. कल्पना चांगली, पण ही फाइल मेलेल्यांनाही विसरत नसे. पावसाळ्यात विजेचा लोळ कुठेतरी पडतो, लॅनच्या लांबलचक केबलमधून झटका येतो आणि मदरबोर्डवरचं पोर्ट जळतं. मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समधून दुसरं कार्ड आणून बसवलं, तर ईथ० हे नाव जळालेल्या पोर्टासाठी राखीवच असे आणि नव्या पाहुण्याला ईथ१ मिळे. सगळ्या सेटिंग्ज मात्र ईथ०च्या नावाने. शिवाय दोन कार्डांची नावं आपसात बदलायची झाली की युडेव्ह आणि कर्नल एकाच आकड्यावर एकमेकांच्या पायात पाय घालत. कधी कधी ‘रीनेम२’ असलं अर्धवट नाव घेऊन कार्ड मधेच लटकलेलं सापडे.

मग विचार असा निघाला की कार्डाला ते बसलंय त्या जागेवरून नाव द्यावं. डेल कंपनीचं ‘बायॉसडेव्हनेम’ हे त्याचं पहिलं रूप, २०११च्या फेडोरा १५मध्ये आलेलं. जानेवारी २०१३मध्ये सिस्टिमडीच्या, म्हणजे मशीन उठताना बाकीच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, १९७व्या आवृत्तीने हीच कल्पना आपल्या पद्धतीने मांडली आणि तीच पुढे टिकली. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ने ती २०१४मध्ये घेतली, डेबियनने २०१७च्या नवव्या आवृत्तीत. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांपुरतं बोलायचं तर १४.०४पर्यंत बहुतेक ठिकाणी ईथ० होतं आणि एप्रिल २०१६च्या १६.०४पासून नवी नावं. आपल्याकडच्या पुष्कळ कार्यालयांचा अपघात नेमका याच पायरीवर झाला. त्यातही गंमत अशी की जुनी रूल्स फाइल शिल्लक असलेलं मशीन अपग्रेडनंतरही ईथ०च म्हणत राही, आणि शेजारच्या टेबलावर त्याच आवृत्तीचं कोरं इन्स्टॉलेशन वेगळंच नाव सांगे. डेबियनने २०१९च्या दहाव्या आवृत्तीत त्या फाइलचा अधिकृत आधार काढून घेतला. तोवर निभावलेल्यांची पाळी तेव्हा आली.

नवं नाव विचित्र दिसतं, पण वाचता येतं. ईएनपी३एस० घ्या. ‘ईएन’ म्हणजे इथरनेट (वायफायला ‘डब्ल्यूएल’), ‘पी३’ म्हणजे तीन क्रमांकाची पीसीआय बस, ‘एस०’ म्हणजे तिच्यावरचा शून्य क्रमांकाचा स्लॉट. मदरबोर्डवरच्या पोर्टाला फर्मवेअरने स्वतः क्रमांक दिला असेल तर ईएनओ१. यूएसबीवरच्या लॅन अडॅप्टरला डेबियन आणि उबुंटूत ‘ईएनएक्स’ आणि पुढे अख्खा मॅक ॲड्रेस. एक बारीक खोच लक्षात ठेवा : ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा बसचा आकडा षोडशमान पद्धतीत दाखवते आणि कार्डाच्या नावात तो दशमानात येतो. तिथे ‘०ए’ दिसलं तर नावात पी१०.

जुनं नाव नाहीसं झालेलं नसतं, हे पाहायचं असेल तर ‘डीमेसेज’ चालवा. त्या लांबलचक यादीत अशी ओळ सापडेल : ‘आर८१६९ ००००:०३:००.० ईएनपी३एस०: रीनेम्ड फ्रॉम ईथ०’. आर८१६९ हा रिअलटेक कार्डांचा ड्रायव्हर. म्हणजे कर्नल अजूनही आधी ईथ०च म्हणतो, आणि मग युडेव्ह येऊन त्याचं बारसं पुन्हा करतं. रोगाचं निदान या एका ओळीत आहे, आणि ते पाहायला मशीन दुकानात न्यावं लागत नाही.

या नव्या नावांना इंग्रजीत जे विशेषण लावलं जातं त्याचा अर्थ होतो ‘आधी सांगता येतील अशी’. माझ्या मते हा दावा अर्धाच खरा आहे. जागा बदलली नाही तर नाव बदलणार नाही, इतकंच ते वचन. पण जागेचा आकडा फर्मवेअर आणि कर्नल मिळून ठरवतात. मशीनमध्ये नवी एनव्हीएमई डिस्क किंवा ग्राफिक्स कार्ड बसवलं की पुढच्या बसांचे आकडे सरकू शकतात आणि कार्डाला हातही न लावता ईएनपी२एस०चं ईएनपी३एस० होतं. बायॉस अपडेट केल्यावरही असं होतं. कर्नलचा ड्रायव्हर सुधारला तरी सुटका नाही. इंटेलच्या सर्व्हर कार्डांच्या आय४०ई ड्रायव्हरने पोर्टाचं नाव कळवायला सुरुवात केली, तेव्हा अनेक सर्व्हरांवर नावाला ‘एनपी०’ अशी शेपटी फुटली. ऑगस्ट २०२५च्या डेबियन १३च्या सूचनांमध्येही, कन्सोल हाताशी नसलेलं दूरचं मशीन अपग्रेड करताना कार्डाचं नाव बदलू शकतं, असा स्पष्ट इशारा आहे. बारा वर्षांनंतरही.

नेट बंद पडणं हे या दुखण्याचं सौम्य रूप. ते लगेच कळतं. नेटवर्कच्या फाइलमध्ये ‘ऑटो ईथ०’ लिहिलेलं असतं, मशीन म्हणतं ‘कॅनॉट फाइंड डिव्हाइस’, आणि तास-दोन तासांत कुणीतरी नाव दुरुस्त करतं. आयपी ॲड्रेस वाटणारा डीएचसीपी सर्व्हरही असाच गप्प बसतो आणि ऑफिसभर आरडाओरड होते. इंजिनिअरिंगची काही महागडी सॉफ्टवेअर्स आपला परवाना ईथ०च्या मॅक ॲड्रेसशी ताडून पाहत. ती एका सकाळी परवाना नाही म्हणून अडून बसली.

खरी भीती फायरवॉलची. समजा, दोन कार्डांचं मशीन आहे, बाहेरच्या बाजूला ईथ१, आणि आयपीटेबल्स या फायरवॉलमध्ये नियम आहे की ईथ१वरून येणारं सगळं टाकून द्या. अपग्रेडनंतर त्या कार्डाचं नाव झालं ईएनपी४एस०. आयपीटेबल्स नियम लोड करताना त्या नावाचं कार्ड अस्तित्वात आहे की नाही हे तपासतच नाही. नियम निमूट लोड होतो, यादीत दिसतो, आणि एकाही पॅकेटला लागू होत नाही. मूळ धोरण ‘येऊ द्या’ असं असेल तर दार सताड उघडं. कुणाचीही तक्रार येत नाही, कारण सगळ्यांचं सगळं चालत असतं. महिनोन्‌महिने असं राहू शकतं. म्हणून अपग्रेडनंतर नेट सुरू झालं की हात झटकून उठायचं नाही.

लिनक्स हा हौशी मंडळींचा खेळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्याच जबलपुरातल्या हायकोर्टाकडे पाहावं. हे कोर्ट मूळचं नागपूरचं, १९३६ साली स्थापन झालेलं. राज्य पुनर्रचनेत १ नोव्हेंबर १९५६ला जागा बदलली आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालय या नात्याने ते जबलपुरात आलं. आज त्याच्या हाताखालच्या जिल्हा न्यायालयांपासून तहसिलीच्या कोर्टांपर्यंत खटल्यांची नोंद ज्या ‘केस इन्फर्मेशन सिस्टिम’मध्ये होते, ती पुण्याच्या एनआयसीने, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, मुक्त सॉफ्टवेअरवर उभी केली. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने देशभरच्या न्यायालयांसाठी उबुंटू निवडलं आणि न्यायाधीशांच्या लॅपटॉपवरही तेच दिलं. त्यातून परवान्यांचा खर्च वाचला आणि एकाच कंपनीच्या दारात बसण्याची वेळ टळली. निर्णय शहाणपणाचा होता, यात मला शंका नाही. पण अशा पसाऱ्यात एक आवृत्ती ओलांडायची म्हणजे हजारो मशीन, आणि त्यातली कितीतरी अशा गावांत की जिथे लिनक्स जाणणारा माणूस यायला दिवस जातो. तिथे कुणी दूरवरून एसएसएच करून अपग्रेड करत असेल आणि रीस्टार्टनंतर कार्डाचं नाव बदललं, तर दुरुस्ती करणाराच दाराबाहेर राहतो.

आता उपाय. सर्वांत सोपा म्हणून जो सांगितला जातो तो ग्रबमध्ये, म्हणजे कर्नल सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये, ‘नेट.इफनेम्स=०’ लिहिण्याचा. जुनी नावं परत येतात, हे खरं. एकच कार्ड असेल तर खुशाल करा. दोन असतील तर तुम्ही आकड्यांची जुनी सोडतच परत घरी आणता. रूल्स फाइलचा पहारा आता नाही, त्यामुळे अवस्था आधीपेक्षा वाईट.

टिकाऊ उपाय म्हणजे नाव आपणच ठेवायचं आणि ते मॅक ॲड्रेसला बांधायचं. ‘ईटीसी’मधल्या सिस्टिमडीच्या नेटवर्क फोल्डरमध्ये ‘१०-लॅन.लिंक’ अशी चार ओळींची फाइल करा. ‘मॅच’ या मथळ्याखाली ‘पर्मनंटमॅकॲड्रेस’ आणि तो क्रमांक, ‘लिंक’ या मथळ्याखाली ‘नेम’ आणि हवं ते नाव. नुसता ‘मॅकॲड्रेस’ लिहिला तर ब्रिज किंवा व्हीलॅन असलेल्या मशीनवर एकच क्रमांक दोघातिघांचा निघतो आणि घोळ होतो. नाव पंधरा अक्षरांच्या आत ठेवा, कर्नल त्यापुढे जाऊ देत नाही. आणि कृपा करून ईथ० हे नाव ठेवू नका. कर्नल त्याच नावावर हक्क सांगतो आणि ती जुनी झटापट पुन्हा सुरू होते. ‘लॅन०’, ‘बाहेर०’ अशा धाटणीचं काहीही रोमन अक्षरांत चालेल. डेबियन-उबुंटूवर यानंतर ‘अपडेट-इनिटरामएफएस’ चालवायला विसरू नका. मशीन उठतानाच्या पहिल्या टप्प्यातही ही फाइल लागते आणि ती तिथे नसली की आपण केलेलं वाया गेल्यासारखं वाटतं.

उबुंटू १८.०४पासून पुढे असाल तर नेटप्लॅनमध्ये ‘मॅच’ आणि ‘सेट-नेम’ वापरून हेच साधतं. तिथली ‘नेटप्लॅन ट्राय’ ही आज्ञा दूरच्या मशीनसाठी वरदान आहे : १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर बदल मागे घेतला जातो. नेटप्लॅनच्या फाइलमधल्या मोकळ्या जागांनी भल्याभल्यांना रडवलंय, त्यावर पुढचा लेखांक.

तोवर एवढं करा. अपग्रेडला हात घालण्याआधी ‘आयपी -बीआर लिंक’ चालवून पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा. त्यात प्रत्येक कार्डाचं नाव आणि मॅक ॲड्रेस एका ओळीत येतात. ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये ‘ग्रेप -आर’ने जुनं नाव शोधून ज्या ज्या फाइलमध्ये ते सापडेल ती कागदावर उतरवा. आणि दोन कार्डांचं मशीन तुमच्या कार्यालयात गेल्या काही वर्षांत अपग्रेड झालं असेल, तर फायरवॉलच्या नियमांतली नावं आणि ‘आयपी लिंक’मधली नावं या आठवड्यात एकदा समोरासमोर ठेवून पाहाच.